प्रश्न एकोणिसावा

हिद्दच्या गोदीबाहेर, पत्र्याच्या खोलीत
पहाटे साडेचारला माझं दुकान उघडतं.
निळ्या झाकणांच्या डब्या, बर्फाची पेटी,
आणि डोळ्याला लावायची छोटी नळी:
एक थेंब टाकायचा, ट्यूबलाइटकडे धरायची,
रेघ कुठे थांबते ते वाचायचं.

रांगेत वेल्डर, रंगारी, गंज खरवडणारे.
नाव विचारायचं नाही, फक्त नंबर.
शिफ्टच्या आधी एक डबी, शिफ्टनंतर एक,
वर रक्ताची नळी, सोडियम-पोटॅशियम-क्रिएटिनिनसाठी.
दुसऱ्या डबीतला रंग
चहाच्या चोथ्यात पुन्हा पाणी घातल्यासारखा.
रेघ एक पूर्णांक शून्य तीनच्या वर.
समुद्रसुद्धा इतका जड नसतो,
निदान आमच्या उरणचा तरी.

बाबा मिठागरात काचेची कांडी बुडवत.
कोंडीतल्या पाण्यात ती जितकी वर तरंगे
तितकं मीठ जवळ आलेलं.
"बाय, घाई नको, पन उशीरपन नको.
उशीर झाला का मीठ कडू."
वाटलं होतं, शिकले की त्या चिखलातून सुटेन.
पीएचडी झाली, विमानात बसले,
समुद्र ओलांडून आले
आणि खारं पाणीच मोजत बसले.
हे आगर माणसाच्या पाठीत असतं,
मुठीएवढं, जोडीनं,
रात्रंदिवस एकाच हिशेबात:
काय ठेवायचं, काय सोडायचं.
दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळतं,
दीड लिटर टाकतं.
इतकी काटकसर आईलाही जमली नाही.

फखरिया, आमची नर्स, इथलीच.
तिचा पणजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
सांगते, तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
खाऱ्यात उतरून पखाली भरून आणत.
म्हणून बहरीन. दोन समुद्र.
मी तिला पेशीचं चित्र काढून दाखवलं,
बाहेर सोडियम, आत पोटॅशियम,
मधे भिंत, भिंतीत कधी न झोपणारा पंप.
ती म्हणाली, झरे आटले आता.
मी पेन खाली ठेवलं.

सत्तेचाळीस नंबरची शिफ्टनंतरची डबी
एका गुरुवारी अगदी निर्मळ निघाली.
बाहेर पंचेचाळीस अंश,
आणि रेघ तळाला, शून्यावर.
वास नाही. ऊब नाही.
कूलरचं पाणी.

तो दारातच उभा होता. करीमनगरचा राजलिंगू.
नाव त्यानंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
"मॅडम, नंबर खराब निकला तो घर भेजते?"
नाही, म्हटलं, कंपनीला हा कागद दिसतच नाही.
मग पाणी का पीत नाहीस?
बाटली देतात ना? मिठाची पुडी देतात, संत्र्याच्या चवीची?
तो हसला, थोडा लाजला.
जहाजाच्या कुशीला परांची, चौथा टप्पा.
मोरी गेटपाशी.
पट्टा सोडायचा, उतरायचं, चालायचं, परत चढायचं,
फोरमन मिनिटं धरतो.
"पिया तो जाना पड़ता, मॅडम."

माझ्या फॉर्मवर अठरा प्रश्न.
किती प्यालात, काय प्यालात, घाम किती,
अंगदुखीच्या गोळ्या, घरात कुणाला मधुमेह.
समितीनं सहा महिने चाळलेले, पाच भाषांत.
त्यात हा नव्हता.

त्याची डबी मी बाद केली. करावीच लागते.
मग फॉर्मच्या तळाशी, जिथे आभार छापलेत,
त्याच्या वरच्या बोटभर जागेत
पेननं लिहिलं: १९. मोरी किती पावलांवर?
आता परत समिती, परत सह्या,
परत कुणीतरी विचारणार, याचा मूत्रपिंडाशी संबंध काय.

संध्याकाळी उसनं हेल्मेट घालून
मी स्वतः चालले, परांचीच्या पायथ्यापासून गेटपर्यंत.
तीनशे बारा.
शिड्या धरल्या नाहीत.